जन्मखूण आणि आपली जीभ



परमार्थात देहाचा विचार दोन अंगांनी होतो. एक, हा देह नाशवंत आहे, त्यात गुंतू नये. दुसरे, हा नरदेह दुर्लभ आहे, याच्याच पायांनी पंढरीची वाट चालता येते. या दोन्ही गोष्टी आपण शेकडो कीर्तनांत ऐकल्या आहेत. पण त्याच देहाच्या कातडीवर जन्मतः एखादा काळा, तपकिरी किंवा निळसर डाग दिसला, की हे दोन्ही सिद्धांत आपण बासनात बांधून ठेवतो आणि तिसरेच काही बोलू लागतो. "मागच्या जन्मीचे भोग, दुसरे काय." "आईने ग्रहण पाळले नसेल." "पोरगी गुणाची आहे हो, पण तो गालावरचा डाग..." आज एवढाच प्रश्न विचाराला घ्यायचा आहे. जन्मखूण ही कोणाच्या पापाची पावती आहे काय? आणि तसे बोलण्याचा अधिकार आपल्याला, गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्यांना, आहे काय?

प्रश्न लहान वाटेल. ज्याच्या घरात असे लेकरू आहे त्याला तो लहान वाटत नाही. बारशाला आलेल्या बाया पाळण्यात डोकावतात आणि एकमेकींकडे पाहतात, तेव्हापासून त्या आईच्या मनाला जे लागते ते लागतेच. पुढे शाळेत मुले नाव पाडतात. लग्नाच्या वयाला पाहुणे येतात, पोहे खाऊन जातात, आणि 'कळवतो' म्हणून कळवत नाहीत. हे सगळे देवळात येणाऱ्या, एकादशी करणाऱ्या घरांतही घडते. म्हणून हा विचार केवळ वैद्यांवर सोडून भागणार नाही. तो आपल्या आचाराचा विचार आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. कीर्तनातही सिद्धांत सांगण्याआधी पदाचा अर्थ लावावा लागतो.

आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या जो रंग करतात त्याला डॉक्टर मंडळी मेलॅनिन म्हणतात. काळ्या माणसात आणि गोऱ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. फरक असतो तो त्या किती रंग करतात आणि तो कसा साठतो एवढ्याचाच. आईच्या पोटात बाळाचा आकार घडत असताना या पेशी पाठीच्या कण्याजवळच्या भागातून निघतात आणि हळूहळू सर्वांगाच्या कातडीत जाऊन बसतात. म्हणजे प्रत्येक बाळाच्या देहात जन्माआधीच एक वारी चाललेली असते म्हणा ना. त्या वाटचालीत काही पेशी वाटेत थांबतात, काही एकाच ठिकाणी दाटी करतात. जिथे दाटी झाली तिथे गडद डाग दिसतो. तपकिरी किंवा काळा, कधी सपाट, कधी किंचित उचललेला, कधी त्यावर केस असलेला असा डाग साधारण १०० बाळांत एकाच्या अंगावर जन्मतः असतो. बहुतेकांचा तो लहान असतो. फार मोठा, मोठेपणी वीतभर किंवा त्याहून अधिक पसरणारा डाग मात्र हजारो बाळांत एखाद्यालाच असतो.

निळसर डागाची गोष्ट आणखी गोड आहे. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर निळे-करडे चट्टे असतात. आजीबाई म्हणतात, सटवाईने चिमटा काढला. खरे असे, की रंगाच्या काही पेशी कातडीच्या खालच्या थरातच राहून गेलेल्या असतात. रंग असतो काळाच, पण खोलवर असल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि वरून तो निळा दिसतो. आकाश निळे दिसते तेही प्रकाश विखुरल्यामुळेच. मूल चालू-बोलू लागते, चार-पाच वर्षांचे होते, तोवर हे चट्टे बहुधा आपोआप विरून जातात. त्यांना औषध नाही, आणि त्यांची गरजही नाही. मात्र ज्यांची मुले-सुना इंग्लंड-अमेरिकेत आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावे. तिकडे गोऱ्या बाळांत हे चट्टे क्वचित दिसतात, त्यामुळे ते मारल्याचे वळ समजले जाण्याचा आणि आईबापांवर संशय येण्याचा प्रसंग ओढवू शकतो. जन्माच्या वेळीच डॉक्टरांकडून बाळाच्या कागदावर त्यांची नोंद करून घ्यावी.

दुधाच्या कॉफीच्या रंगाचे सपाट डाग हा आणखी एक प्रकार. एक-दोन असले तर काहीच नाही. डोळ्याभोवती आणि गालावर निळा-करडा पट्टा येतो, त्याला एका जपानी वैद्याच्या नावावरून ओटाचा डाग म्हणतात. तो आपल्या आशिया खंडातल्या लोकांत, आणि त्यातही स्त्रियांत अधिक आढळतो. लाल किंवा जांभळे डाग रक्तवाहिन्यांचे असतात, ते रंगाच्या पेशींचे नव्हेत.

या सगळ्याचे कारण काय? शास्त्र सांगते, की गर्भ राहिल्यानंतर वाढणाऱ्या असंख्य पेशींपैकी एखाद्या पेशीत बारीकसा बदल होतो, आणि त्या एका पेशीची पुढची प्रजा तशीच निपजते. तो बदल आईने काय खाल्ले, काय चिरले, कुठे बसली यावर अवलंबून नसतो. बहुतेक वेळा तो आईबापांकडून वारशाने आलेलाही नसतो.

आता आपण ग्रहणाकडे येऊ. १९९५ सालच्या ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, सकाळी सूर्यग्रहण झाले होते. उत्तरेत ते खग्रास होते, आपल्याकडे खंडग्रास. पुढच्या वर्षी बालाघाटाच्या बाजूला एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात माझी सेवा होती. कीर्तन आटोपल्यावर एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन आली. लेकराच्या गालावर रुपयाएवढा काळा डाग. मागे सासूबाई उभ्या. ती पायावर डोके ठेवून म्हणाली, "महाराज, गरहानाच्या दिवशी मी वांगं चिरलं होतं. त्याचंच झालं का हे?" तिच्या बोलण्यावरून दिसत होते, की हा प्रश्न तिला घरात रोज विचारला जातो, आणि आता तीच स्वतःला विचारू लागली आहे.

मी तिला उत्तर दिले नाही. सासूबाईंना विचारले, "मावशी, तुम्हाला लेकरं किती?"

"पाच."

"पाचही खेपेला ग्रहण पाळलंत?"

म्हातारी खरी बोलली. "कशाचं पाळतंय महाराज? भात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जात हुतो. गरहान काय न् पुनव काय."

"मग पाचांत डाग कोणाला आहे?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कुणालाच न्हाई." आणि तिने होऊन सुनेच्या कडेवरचे लेकरू आपल्याकडे घेतले.

वाचकहो, हा काही माझा चमत्कार नव्हे. एवढा हिशेब कोणालाही करता येतो. फक्त आपण तो उलट्या बाजूने करतो. आधी डाग दिसतो आणि मग कारण शोधायला आपण पंचांग काढतो. नऊ महिन्यांच्या अवधीत सूर्याचे किंवा चंद्राचे एखादे ग्रहण पंचांगात सापडतेच, कुठेतरी छायाकल्प तरी सापडते. ज्या हजारो बायांनी त्याच दिवशी भाजी चिरली, शेतात खुरपले, शिवणकाम केले आणि ज्यांची बाळे निर्मळ कातडीची जन्मली, त्यांना आपण मोजत नाही. ज्यांनी दाराला कडी लावून, पाण्याचा थेंब न घेता ग्रहण पाळले आणि तरीही ज्यांच्या बाळाला डाग आला, त्यांनाही आपण मोजत नाही, किंवा 'काहीतरी चुकलेच असेल' म्हणून त्यांच्याही माथी दोष मारतो. ग्रहण क्वचित लागते. जन्मखुणा मात्र रोज जन्माला येतात. हा दोष केवळ आपल्या लोकांचा आहे असेही नाही. स्पॅनिश आणि इटालियन भाषांत डोहाळा आणि जन्मखूण या दोहोंना एकच शब्द आहे. आईचा डोहाळा पुरला नाही की बाळाच्या अंगावर त्याचा डाग उमटतो अशी तिकडची जुनी समजूत. म्हणजे देश बदलला, भाषा बदलली, पण बोट मात्र आईकडेच. बापाने ग्रहणात काय केले हे आजवर कोणी विचारल्याचे ऐकले आहे काय?

ग्रहणात नामस्मरण करावे, जप करावा, याला माझी ना नाही. तो काळ मी स्वतः भजनात घालवतो. पण नामस्मरणासाठी पाळलेला नेम वेगळा आणि गर्भिणीला धाक घालण्यासाठी उगारलेला नेम वेगळा. ज्याने भय वाढते तो नेम नामाच्या घरचा नाही.

आता अवघड भागाकडे वळतो. कोणी अभ्यासू वाचक म्हणेल, "महाराज, ग्रहणाचे सोडा. पण देहाचे व्यंग हे पूर्वकर्माचे फळ, असे आपल्या स्मृतिग्रंथांत लिहिलेले नाही काय?" लिहिलेले आहे. हे लपवून चालणार नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्य स्मृतीच्या प्रायश्चित्त प्रकरणात अशा याद्या आहेत. अमुक पाप केले की अमुक रोग, तमुक पाप केले की तमुक व्यंग. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, तरच उत्तराला किंमत.

उत्तर तीन पायऱ्यांचे आहे.

पहिली पायरी. या याद्या ज्या प्रकरणात आहेत त्याचे नावच प्रायश्चित्त. म्हणजे ते वाचन स्वतःसाठी आहे. पाप करू पाहणाऱ्याने थबकावे, केलेल्याने पश्चात्ताप करावा, हा त्याचा हेतू. शेजाऱ्याच्या पाळण्यात वाकून त्यातल्या बाळाचे मागचे जन्म वाचावेत, असे तिथेही सांगितलेले नाही. आरसा स्वतःचे तोंड पाहण्यासाठी असतो. तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर उन्हाचा कवडसा पाडायला वापरला तर दोष आरशाचा नाही.

दुसरी पायरी. कर्माची गती कळणे फार कठीण, असे खुद्द भगवंतांनी अर्जुनाला चौथ्या अध्यायात सांगितले आहे. जे अर्जुनाला कठीण ते आपल्याला चावडीवर बसून कसे कळते? अष्टावक्राची कथा घ्या. आठ ठिकाणी वाकलेला देह. ते व्यंग कशामुळे आले? महाभारताच्या वनपर्वात कारण दिले आहे. तो गर्भात असताना वडिलांच्या वेदपठणातली चूक त्याने दाखवली आणि वडिलांनी रागाच्या भरात शाप दिला. म्हणजे कथेतसुद्धा ते बाळाचे पाप नाही, आईचे तर नाहीच नाही. तो बापाचा राग आहे. ज्यांनी त्याला केवळ पाहिले असते त्यांनी 'पूर्वजन्मीचे भोग' म्हणून मान हलवली असती, आणि ते साफ चुकले असते. पुढे जनकाच्या सभेत लोक त्याला हसले आणि त्याने सभेलाच विचारले की तुम्ही ज्ञानाची पारख करायला बसला आहात की कातड्याची, ही लोकांत चाललेली कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण पहिला भाग आपण विसरतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. आपल्याकडे कर्माचे तीन विभाग सांगतात. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. साठलेले ते संचित, भोगायला आलेले ते प्रारब्ध, आणि आता या क्षणी हातून घडते ते क्रियमाण. जन्मखूण कोणत्या खान्यात घालायची म्हणाल, तर फार तर प्रारब्धाच्या. ते घडून गेले. ते बाळ काही करत नाही, केवळ पाळण्यात निजले आहे. पण त्या पाळण्याशी उभे राहून आपण जे बोलतो ते क्रियमाण आहे! ते आता घडते आहे, आपल्या जिभेने घडते आहे, आणि त्याचा जमाखर्च आपल्या नावावर लिहिला जातो आहे. कर्मसिद्धांतावर तुमचा खरोखर विश्वास असेल, तर त्या डागाला पाहून भिण्याचे कारण त्या बाळाला नाही, त्याच्या आईला नाही. भ्यावे बोलणाऱ्याने. 'हिच्या पूर्वजन्मीचे पाप' असे म्हणणारा कर्मसिद्धांत मानतो असे दिसते खरे, पण स्वतःपुरता तो विसरलेला असतो.

हा भेद मनात पक्का बसला की पुष्कळ गोष्टी सरळ होतात. कर्माचा विचार आपल्यासाठी, आणि करुणा दुसऱ्यासाठी. याची उलटापालट झाली की धर्माचा अधर्म होतो. स्वतःच्या दुःखात 'माझे भोग' म्हणून धीर धरणे हे बळ आहे. तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर टाकले की तो धोंडा होतो.

कोणी म्हणेल, माउलींनीही पसायदानात सज्जनांना निष्कलंक चंद्राची उपमा दिली आहे, म्हणजे डाग वाईटच. अहो, माउली कोणाच्या कातडीविषयी बोलत आहेत काय? ते सज्जनांच्या अंतःकरणाविषयी बोलतात. आकाशातल्या चंद्राला तर डाग आहेच, आणि त्या डागावरूनच त्याला शशांक, मृगांक अशी सुंदर नावे पडली. संकष्टीला आपण त्याच डाग असलेल्या चंद्राची वाट पाहत उपाशी बसतो. चोखोबारायांचा उसाचा दृष्टांत आपणा सर्वांना पाठ आहे, तो इथे पुन्हा लिहीत नाही. वरचे रूप पाहून भुलू नका हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याहून कोणाला मोठा असणार? जन्माच्या नावाखाली ज्यांना महाद्वारात थांबवले गेले, त्यांची समाधी आज त्या महाद्वारासमोर आहे.

आणि देवाचे काय? दहाव्या स्कंधाच्या ८९व्या अध्यायात भृगुऋषींची कथा आहे. तिन्ही देवांत श्रेष्ठ कोण हे पाहायला ऋषी निघाले आणि वैकुंठात येऊन त्यांनी निजलेल्या भगवंतांच्या छातीवर लाथ मारली. भगवंत उठले, नमस्कार केला, आणि ऋषींचे कोमल पाय दुखावले तर नाहीत ना, याचीच चौकशी केली. तुमच्या पावलाची खूण मी छातीवर मिरवीन, असे वर म्हणाले. विटेवरच्या सावळ्या परब्रह्माच्या छातीवर ते लांछन आहे असे आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. आता सांगा, ती खूण पाहून पंढरीनाथाचे मागचे जन्म कोणी वाचले काय? तिच्यावरून देवाची योग्यता कमी ठरली काय? खुणेवरून कळला तो लाथ मारणाऱ्याचा तोल आणि सोसणाऱ्याची क्षमा. अंगावरच्या खुणेकडे लोक कसे पाहतात यावरून नेहमी पाहणाऱ्याचीच परीक्षा होते.

आपलीच रीत पाहा. आई बाळाला न्हाऊमाखू घालते आणि आपल्या हाताने त्याच्या गालाला काजळाची तीट लावते, का तर दृष्ट लागू नये. दिंडीत निघताना आपण गोपीचंदनाचा टिळा लावतो आणि त्याखाली काळा बुक्का लावतो, एकमेकांनाही लावतो. म्हणजे काळा ठिपका आपल्याला अशुभ वाटत नाही. आपण लावला तर तो अलंकार आणि देवाघरून लागून आला तर तो कलंक, हा कुठला न्याय?

इथवर एक टोक झाले. दुसरे टोकही तितकेच वाईट, त्याविषयी न बोलणे बरे नाही. काही जण डागाला पाप म्हणत नाहीत, उलट त्याला दैवी ठरवतात. तळपायावर डाग असला की लक्ष्मीची पावले, कपाळावर असला की तिसरा डोळा. कमरेखाली केसांचा झुपका घेऊन जन्मलेल्या बाळाला मारुतीचा अवतार म्हणून लोकांनी पुजल्याच्या बातम्या आपल्या देशात आलेल्या आहेत. वाचकहो, कण्याच्या खालच्या टोकाशी असा झुपका, खळगा किंवा गाठ असेल, तर आतला कणा नीट मिटलेला नसण्याचा संभव असतो. वेळीच तपासले नाही तर पुढे पायांतले बळ जाऊ शकते, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. त्या बाळाला हार आणि नारळ नको असतो, दवाखाना हवा असतो. पाप म्हणून दूर लोटणारा आणि देव म्हणून पाटावर बसवणारा, दोघेही त्या लेकराकडे लेकरू म्हणून पाहत नाहीत.

म्हणून कोणत्या खुणेला वैद्य दाखवावा हे घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे. कॉफीच्या रंगाचे डाग सहा किंवा अधिक असतील आणि लहान मुलात त्यांचा आकार ५ मिलिमीटरहून मोठा असेल, तर दाखवावे. मज्जातंतूंवर गाठी येणाऱ्या एका विकाराची ती पहिली खूण असू शकते. डोळ्याभोवतीच्या निळ्या डागात काचबिंदूची शक्यता असते, तेव्हा डोळे वेळोवेळी तपासावेत. कपाळावर आणि पापणीवर लाल-जांभळा डाग असेल तर डोळ्यांबरोबर फिट्सचाही विचार डॉक्टर करतात. पाठीवर, डोक्यावर फार मोठा काळा डाग असेल आणि भोवती बारीक डागांचा सडा असेल, तर पहिल्या काही महिन्यांतच मोठ्या डॉक्टरांना दाखवावे, आणि पुढे जन्मभर त्यावर नजर ठेवावी, कारण अशा मोठ्या डागात कर्करोगाचा धोका असतो. कोणत्याही वयात डागाचा आकार, कड किंवा रंग बदलू लागला, त्यातून रक्त येऊ लागले, खाज सुटली, तर देवऋषाकडे नव्हे, त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. लहान, न बदलणाऱ्या डागाला बहुधा काहीच करावे लागत नाही.

आणि एक हात जोडून सांगतो. डाग जावा म्हणून त्यावर चुना आणि सोडा लावू नका, बिब्बा घालू नका, डागण्या देऊ नका. बिब्ब्याने कातडी जळते, फोड येतात आणि आधीच्याहून मोठा काळा व्रण मागे राहतो. रंगाने जन्मलेल्या खुणेपेक्षा आपल्या अडाणीपणाने दिलेली खूण जास्त दुखते.

'डाग काढून घेणे म्हणजे देवाच्या इच्छेविरुद्ध जाणे नव्हे काय?' असे एका भाविक गृहस्थाने मला विचारले होते. त्यांची मुलगी ओटाचा डाग लेझरने काढून घेऊ इच्छित होती. मी त्यांना अष्टावक्राच्या कथेचा शेवट सांगितला. ज्या पित्याने शाप दिला त्यानेच मुलाला समंगा नदीत स्नान करायला सांगितले आणि त्याचे अंग सरळ झाले. कुब्जेचे अंग तर भगवंतांनी स्वतःच्या हाताने सरळ केले. भोग आहे म्हणून उपचार करू नये, असे आपल्या कथा सांगत नाहीत. तहान हा देहाचा धर्म आहे म्हणून आपण पाणी टाळतो काय? उपचार करावा की तसेच राहावे हे ज्याच्या अंगावर खूण आहे त्याने ठरवावे. त्याला काढावीशी वाटली तर तो देहासक्त ठरत नाही. त्याला काढावीशी वाटली नाही तर तो हट्टी ठरत नाही. आपण फक्त एवढे पाहावे, की तो लोकांच्या बोलण्याला कंटाळून तर ठरवत नाही ना. तसे असेल तर उपचार त्याच्या कातडीला नको, आपल्या बोलण्याला हवा.

मग आपण करावे काय? फार काही नाही. बाळ पाहायला गेलात तर आधी बाळाच्या डोळ्यांकडे पाहा, त्याला हाक मारा, आईला विचारा की तू जेवलीस का, झोप मिळते का. डागाविषयी तिने काही विचारले तर जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगा. नातवंडांनी कोणाच्या खुणेवरून नाव पाडले तर तिथल्या तिथे थांबवा, आणि खूण कशी होते तेही समजावून सांगा. मुलांना खरे कारण कळले की त्यांची भीती जाते आणि चेष्टाही जाते. घरात स्थळ पाहायचे असेल तर पत्रिका, डाग, तीळ हे बाजूला ठेवून मुलीचा स्वभाव, मुलाचे व्यसन, घरातली माणसे बोलतात कशी, हे पाहा. दिंडीत कोणी चेहऱ्यावर पदर ओढून किंवा उपरणे गुंडाळून मागे मागे चालत असेल, तर त्याला हाताला धरून टाळकऱ्यांत उभे करा.

आपल्या वारीत लहान-थोर, स्त्री-पुरुष, कोणीही समोर आले तरी आपण त्याला 'माउली' म्हणतो आणि त्याच्या पायांना हात लावतो. हा केवळ शिष्टाचार आहे की त्यामागे विश्वास आहे, याची कसोटी गुळगुळीत चेहऱ्यासमोर लागत नाही. ज्या चेहऱ्यासमोर आपली नजर क्षणभर अडखळते तिथे ती लागते. नजर अडखळणे हे एकवेळ स्वाभाविक म्हणू. ती कुठे अडखळली हे ओळखून पुढे काय बोलायचे ते मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आषाढी जवळ आली आहे. यंदा तिष्ठत उभे राहून दर्शनाची पाळी येईल तेव्हा पायांवर डोके ठेवण्याआधी एकदा देवाच्या छातीकडे पाहा. तिथली खूण पाहून जो भाव मनात येतो, तोच आपल्या गावातल्या त्या एका चेहऱ्याकडे पाहताना यावा, एवढे मागणे पांडुरंगाजवळ मागा. मीही तेच मागेन.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.